लातूरहून एकट्याने व्हेनिसला : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एकटी व्हेनिसला जाऊन आले. परतल्यापासून महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनी, नात्यातल्या दोन भाच्यांनी आणि सोसायटीतल्या निम्म्या घरांनी तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून एकदाचे सगळे क्रमाने लिहून काढत आहे. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. इंग्रजी कामापुरते येते, इटालियन अजिबात येत नाही, आणि त्याआधी मी देशाबाहेर पाऊल टाकलेले नव्हते. त्यामुळे या लेखातल्या बहुतेक सूचना मी केलेल्या चुकांमधून आलेल्या आहेत.

पुढचे सगळे वाचण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी. व्हेनिस हे शंभराहून अधिक लहान बेटांवर वसलेले, चारशेपेक्षा जास्त पुलांनी जोडलेले शहर आहे आणि त्यात एकही वाहन चालत नाही. रिक्षा नाही, दुचाकी नाही, सायकलवरही बंदी आहे. जे काही हलते ते पायांवर किंवा पाण्यावर. म्हणून मुक्काम कोठे करायचा आणि सामान किती न्यायचे, या दोन निर्णयांवर तुमची सहल सुखाची होणार की दमछाकीची, हे जवळपास ठरून जाते. बाकीच्या चुका निस्तरता येतात.

१. कधी जावे

नोकरदार माणसाला पर्याय दोनच, उन्हाळी सुटी किंवा दिवाळी. मे महिन्यात हवा चांगली असते, दिवस मोठा असतो, पण गर्दी आणि खोल्यांचे भाडे दोन्ही चढलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि डास. फेब्रुवारीच्या सुमारास मुखवट्यांचा कार्निव्हल असतो, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊ नये असे माझे मत आहे. दिवाळीच्या सुटीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गर्दी ओसरते, परंतु तोच भरतीच्या पाण्याचा हंगाम असतो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

येथे दोन बारीक गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, २०२४ पासून व्हेनिसने काही ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क सुरू केले आहे. हे दिवस साधारण एप्रिल ते जुलै या काळात येतात, वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी चार, आणि २०२५ मध्ये आगाऊ नोंदणी करणाऱ्याला ५ युरो, ऐन वेळी भरणाऱ्याला १० युरो असा दर होता. शहरात रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क माफ असते, परंतु माफी आपोआप मिळत नाही. संकेतस्थळावर नोंद करून मिळालेला कोड जवळ ठेवावा लागतो, नाहीतर तपासणीत दंड होऊ शकतो. दुसरी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात. मोबाइल ते स्वतः करतो, मनगटावरचे घड्याळ करत नाही. आपल्याशी साडेतीन तासांचा असलेला फरक त्या दिवसापासून साडेचार तासांचा होतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारू लागते.

२. व्हिसा आणि कागदपत्रे

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो. महाराष्ट्रातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईतल्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडे जातात आणि ते व्हीएफएस ग्लोबल या अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीच्या केंद्रात स्वीकारले जातात. पहिल्या वेळी बोटांचे ठसे द्यावे लागत असल्याने स्वतः जावेच लागते. मी रात्रीच्या लातूर एक्स्प्रेसने गेले, काम उरकले आणि त्याच रात्री परतीची गाडी धरली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नये. सुटीच्या हंगामात भेटीची वेळच आठवडे आठवडे मिळत नाही. "वेळ मिळवून देतो" म्हणणारे मध्यस्थ त्याच काळात उगवतात, त्यांच्यापासून दूर राहा.

मी जोडलेली कागदपत्रे अशी :

- पासपोर्ट : गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दोन कोरी पाने असलेला
- भरलेला अर्ज आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरची अलीकडची दोन छायाचित्रे
- ३०,००० युरोंचे किमान संरक्षण देणारा प्रवास वैद्यकीय विमा
- जाण्या-येण्याच्या विमानाचे आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- सहा महिन्यांचे बँक विवरण (बँकेच्या शिक्क्यासह), पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे
- संस्थेचे रजा मंजूर केल्याचे आणि परदेश प्रवासास हरकत नसल्याचे इंग्रजी पत्र
- का, कोठे, किती दिवस जाणार आणि खर्च कोण करणार, हे सांगणारे एक पानी पत्र

शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, त्याचे रुपये त्या दिवशीच्या दराने घेतात, आणि केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज नाकारला गेला तरी हे पैसे परत येत नाहीत.

आपल्याकडच्या लोकांची सर्वांत मोठी अडचण नावाची असते. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव, बँकेत माहेरचे, पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे आलेले किंवा गळलेले, असा घोळ घरोघरी आहे. अर्ज, विमा, विमानाचे तिकीट आणि मुक्कामाचे आरक्षण या चारही ठिकाणी पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा. बँकेतले नाव वेगळे असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. माझे त्यातच दीड महिना गेला. शासकीय किंवा अनुदानित संस्थेत नोकरी असल्यास परवानगीची फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस बसेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल, तेव्हा अर्ज सुटीआधी चार महिने देऊन टाका. सातबारा जोडायचा असेल तर इंग्रजी भाषांतरासह जोडा. मात्र शेतीच्या उताऱ्यापेक्षा खात्यात नियमित जमा होणारा पगार तेथे अधिक बोलतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर एकदम मोठी रक्कम टाकू नका, विवरणात ती लगेच उठून दिसते.

व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारे तिकीट काढू नये. एकापेक्षा जास्त देश पाहणार असाल तर जेथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करावा.

३. विमान आणि पैसे

मुंबईहून मधे एकदा विमान बदलून व्हेनिसच्या मार्को पोलो विमानतळावर उतरता येते. मिलानला उतरून रेल्वेने आलात तरी चालते, वेगवान गाडी साधारण अडीच तासांत पोहोचवते. स्वस्त विमान कंपन्या "व्हेनिस" म्हणून त्रेविझो नावाच्या वेगळ्याच, तीसेक किलोमीटर दूरच्या विमानतळाचे तिकीट देतात. तिकिटावर विमानतळाचे पूर्ण नाव वाचा.

बँकेचे युरोचे प्रवासी कार्ड आणि शंभर-दीडशे युरो रोख, एवढे पुरते. आपल्या यूपीआयवर विसंबू नका. दुकानातले यंत्र "रुपयांत घेऊ की युरोत" असे विचारते तेव्हा नेहमी युरोच निवडा, रुपये निवडल्यास दर वाईट लागतो. चहापाण्याचे, प्रसाधनगृहाचे सुटे पैसे खिशात असू द्या. सार्वजनिक प्रसाधनगृहे सशुल्क आहेत आणि आपल्या मापाने महाग आहेत.

४. मुक्काम कोठे करावा

येथे मी चुकले, म्हणून येथे थांबून सांगते. पहिल्या दोन रात्रींसाठी मी स्वस्तात मिळाली म्हणून एक खोली घेतली. पत्त्यात व्हेनिस लिहिले होते, परंतु खोली मेस्त्रेमध्ये होती. मेस्त्रे हा व्हेनिस नगरपालिकेचाच, पण जमिनीवरचा भाग आहे. तेथे मोटारी आहेत, उड्डाणपूल आहेत, आणि खिडकीतून दिसणारे दृश्य आपल्या एखाद्या औद्योगिक वसाहतीजवळच्या बसथांब्यापेक्षा फार वेगळे नाही. तेथून बेटावर जायला रेल्वेने दहाच मिनिटे लागतात, भाडेही किरकोळ आहे. पण व्हेनिसचा खरा ऐवज सकाळी सात ते नऊ आणि रात्री आठनंतरचा आहे. दिवसभराचे पाहुणे तेव्हा निघून गेलेले असतात, गल्ल्यांत पावलांचा आणि पाण्याचाच आवाज उरतो. मेस्त्रेला राहणारा माणूस नेमके ते दोन्ही तुकडे गाडीच्या वेळापत्रकात घालवतो. तिसऱ्या रात्री मी सामान उचलून बेटावर आले आणि पहिल्या दोन रात्रींचे वाचलेले पैसे मला फारसे वाचल्यासारखे वाटले नाहीत.

बेटावरचे सहा विभाग आहेत : कान्नारेज्जो, कास्तेल्लो, सान मार्को, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सान्ता क्रोचे. एकट्या माणसाने कान्नारेज्जो पाहावे. रेल्वे स्थानक जवळ आहे, खाणे तुलनेने स्वस्त आहे, रात्री रस्त्यावर स्थानिक माणसे असतात. १५१६ मध्ये ज्यूंना जेथे कोंडून ठेवले आणि ज्या जागेच्या नावावरून जगभर "घेट्टो" हा शब्द गेला, ती वस्तीही याच विभागात आहे. सान मार्को चौकाला लागून राहू नये, भाडे दुप्पट आणि झोप अर्धी. मुक्काम निश्चित करण्याआधी नकाशावर एकच गोष्ट तपासा : रेल्वे स्थानकापासून किंवा जवळच्या बोटीच्या धक्क्यापासून खोलीपर्यंत किती पूल आहेत. एका पुलापुरती खोली घ्या, शून्य मिळाला तर उत्तम. खोलीच्या भाड्याशिवाय दर माणशी दर रात्री काही युरो पर्यटन कर द्यावा लागतो, तो बहुधा रोख मागतात.

५. सामान

व्हेनिसचे पूल म्हणजे पायऱ्या. खालून बोटी जाव्यात म्हणून पूल कमानीसारखे उंच बांधलेले आहेत, त्यामुळे आधी चढायचे आणि मग उतरायचे. चाकांची मोठी बॅग प्रत्येक पुलावर हातांनी उचलावी लागते. पाठीवरची एक सॅक आणि एक लहान पिशवी, मिळून आठ-नऊ किलो, यापुढे जाऊ नका. आमच्याकडे परदेशी जाणाऱ्याला पाहुणे डबे भरून देतात. शेंगदाण्याची चटणी, तेलावरचे धपाटे न्यायला हरकत नाही. तूप, खव्याचे पेढे, पनीर, मांसाचे कोणतेही पदार्थ मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. आईने बांधून दिलेला पेढ्यांचा पुडा मी मुंबईतच सोडून आले, हे तिला अजून सांगितलेले नाही.

बॅगेत असावेच असे : पावसाळी जॅकेट, मऊ तळाचे चालायचे बूट, खांदे आणि गुडघे झाकणारा एक पोशाख किंवा ओढणी (चर्चमध्ये त्याशिवाय सोडत नाहीत), पाण्याची रिकामी बाटली, मोबाइलसाठी पॉवर बँक, आणि पासपोर्ट व व्हिसाच्या छायाप्रती मूळ कागदांपासून वेगळ्या जागी.

६. विमानतळावरून शहरात

सीमेवरील तपासणीत पासपोर्टसोबत परतीचे तिकीट, मुक्काम आणि विमा यांचे कागद हातात ठेवा. २०२५ च्या ऑक्टोबरपासून युरोपच्या सीमेवर पहिल्या प्रवेशाच्या वेळी बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत सुरू झालेली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागतो.

बाहेर आल्यावर दोन मार्ग आहेत. बसने वीस-पंचवीस मिनिटांत पियात्साले रोमा या चौकात पोहोचता येते. मोटारी जेथपर्यंत येऊ शकतात अशी बेटावरची ती शेवटची जागा. दुसरा मार्ग आलिलागुना नावाच्या बोटीचा, ती वेळ जास्त घेते पण थेट शहराच्या वेगवेगळ्या धक्क्यांवर सोडते. खासगी पाण्यावरची टॅक्सी एकट्याने घेण्याचा विचारही करू नका. शहरातील बोटींच्या साध्या पासमध्ये विमानतळाचा प्रवास धरलेला नसतो, हे तिकीट घेताना विचारून घ्या.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी : "व्हेनेत्सिया मेस्त्रे" हे स्थानक आले म्हणून उतरू नका. गाडी तेथून पुढे समुद्रखाडीवरच्या लांब पुलावरून जाते आणि "व्हेनेत्सिया सान्ता लुचिया" येथे संपते. ते तुमचे स्थानक. १८४६ मध्ये हा रेल्वेपूल होईपर्यंत व्हेनिसला जमिनीवरून जाताच येत नव्हते. सान्ता लुचियाच्या दारातून बाहेर पडले की पुढ्यात रस्ता नसतो, थेट मोठा कालवा असतो. त्या पायऱ्यांवर पाच मिनिटे उभे राहा, पण पिशवी पुढे घेऊन. खिसेकापूंनाही ती जागा माहीत आहे.

स्थानिक रेल्वेचे कागदी तिकीट गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात टाकून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. तिकीट खरे असले तरी छाप नसेल तर दंड होतो.

७. पत्ता शोधणे

व्हेनिसमध्ये पत्ता गल्लीचा नसतो, विभागाचा असतो. "कान्नारेज्जो" आणि पुढे चार आकडी क्रमांक, एवढेच. हे क्रमांक एका विभागात एकापासून सुरू होऊन हजारांत जातात आणि घरांच्या भोवती ज्या रीतीने फिरतात ती रीत बाहेरच्याला उमगत नाही. त्यामुळे घरमालकाकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या : विभाग व क्रमांक, जवळच्या धक्क्याचे नाव आणि शेवटच्या वळणाचे छायाचित्र. अरुंद गल्ल्यांत मोबाइलवरचा निळा ठिपका भलत्याच गल्लीत उडी मारतो, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा, पण डोळे भिंतींवर ठेवा. कोपऱ्यांवरच्या पिवळ्या पाट्या रियाल्तो (मोठ्या कालव्यावरचा पूल), सान मार्को, रेल्वे स्थानक (फेर्रोव्हिया) आणि पियात्साले रोमा या चार दिशा दाखवतात. त्या चारांच्या आधाराने कोठूनही सुटका होते.

काही शब्द शिकून घेतले की भिंती बोलू लागतात. काल्ले म्हणजे गल्ली. काम्पो म्हणजे चौक, शब्दशः शेत. संपूर्ण शहरात "पियात्सा" एकच, सान मार्कोचा. रिओ म्हणजे लहान कालवा, फोन्दामेन्ता म्हणजे कालव्याकाठचा रस्ता, सोतोपोर्तेगो म्हणजे घराच्या पोटातून जाणारा बोळ, आणि रिओ तेरा म्हणजे पूर्वीचा कालवा बुजवून केलेला रस्ता. एखादी गल्ली सरळ पाण्यात संपते. रात्री मोबाइलमध्ये पाहत चालू नका, कठडा नसतो.

८. बोटी

शहराची बस म्हणजे वापोरेत्तो. एका फेरीचे तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटे चालते. हे वाचून छातीत धस्स होते, आणि तसे होणेच योग्य आहे. दिवसात तीन किंवा जास्त वेळा बसणार असाल तर एक दिवसाचा २५ युरोंचा किंवा तीन दिवसांचा ४५ युरोंचा पास घ्यावा. पण शहर इतके लहान आहे की बहुतेक अंतरे पायी होतात. माझा सल्ला असा की पास एकाच दिवसाचा घ्या आणि त्या दिवशी सगळे पाण्यावरचे पाहून घ्या. प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी तिकीट धक्क्यावरच्या यंत्राला टेकवायचे असते. पास असला तरी.

क्रमांक १ ची बोट सुमारे पावणेचार किलोमीटरच्या मोठ्या कालव्यावर जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते. संध्याकाळी पियात्साले रोमाहून, म्हणजे पहिल्याच धक्क्यावरून, चढा. जागा मिळते, आणि दुतर्फा राजवाड्यांची रांग बसल्या जागी पाहता येते. धक्क्यावर बोटीची दिशा वाचा, उलट दिशेची बोटही त्याच रंगाची असते.

गोंडोल्याचे अधिकृत भाडे दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हे भाडे बोटीचे आहे, माणशी नाही, म्हणून चार-पाच जणांत ते परवडते आणि एकट्याला परवडत नाही. मी बसले नाही. त्याऐवजी त्रागेत्तो घ्या. मोठ्या कालव्यावर पूल फक्त चार आहेत, म्हणून मधल्या ठिकाणी साधे गोंडोले लोकांना २ युरोंत या तीरावरून त्या तीरावर सोडतात. स्थानिक लोक उभ्याने जातात. मीही उभी राहिले आणि दुसऱ्या काठापर्यंत श्वास रोखून धरला. रियाल्तोच्या बाजाराजवळ सान्ता सोफिया येथे असा उतार आहे.

९. काय पाहावे, कोणत्या क्रमाने

तीन दिवस धरा. पहिल्या दिवशी सकाळी लवकर सान मार्को. बासिलिका, म्हणजे तेथले मोठे चर्च, आणि डोजचा राजवाडा या दोन्हींची वेळ ठरलेली तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरून आधीच घ्या. दलालांची संकेतस्थळे शोधात वर दिसतात आणि दुप्पट घेतात. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. डोज म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे हे प्रजासत्ताक कोसळले. राजवाड्याच्या तिकिटातच चौकातले कोर्रेर संग्रहालय येते, ते बहुतेक जण विसरतात. चौकातला उंच मनोरा जुना दिसतो, पण तो १९०२ मध्ये कोसळून १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिलेला आहे. वरून शहर पाहायचे असेल तर त्याच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा समोरच्या सान जॉर्जो मज्जोरे बेटावरच्या चर्चच्या मनोऱ्यावर जा. तेथून सान मार्कोही दिसतो, जो सान मार्कोवरून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी, पासाच्या दिवशी, बेटे. फोन्दामेन्ते नोव्हे येथून क्रमांक १२ ची बोट मुरानो करून बुरानोला जाते. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानोला हलवल्या, त्या अजून तेथे आहेत. भट्टी "फुकट दाखवतो" म्हणून बोलावतात आणि नंतर दुकानातून बाहेर पडू देण्याच्या घाईत नसतात. काही घ्यायचे नसेल तर हसून, आभार मानून निघा. बुरानो रंगीत घरांचे आणि विणलेल्या लेसचे. वेळ कमी असेल तर मुरानो सोडा, बुरानो सोडू नका.

तिसरा दिवस काम्पोंचा, आणि याविषयी मला जरा जास्त सांगायचे आहे, कारण हे कोणी सांगितले नव्हते. जवळजवळ प्रत्येक काम्पोच्या मधोमध नक्षीचे दगडी तोंड असलेली, वर लोखंडी झाकण घातलेली एक विहीर दिसते. लोक तिला टेकून छायाचित्रे काढतात. मी पहिल्या दिवशी तेच केले. नंतर कळले की चारही बाजूंनी पाणी असलेल्या या शहराला पिण्याच्या पाण्याचा थेंब नव्हता, कारण खाडीचे पाणी खारे आणि जमिनीखालीही तेच. मग त्यांनी अख्खा काम्पो खोल खणला, खारे पाणी आत शिरू नये म्हणून तळाला आणि कडांना चिकणमातीचा थर दिला, मधे विटांची उभी नळी बांधली आणि भोवतीचा सगळा खड्डा वाळूने भरून वर फरसबंदी केली. पावसाचे पाणी फरशीतल्या दगडी छिद्रांतून वाळूत उतरे, गाळले जाई आणि मधल्या नळीत साठे. म्हणजे ती विहीर नव्हेच, तो चौकाएवढा गाळणीचा हौद आहे. आपल्या बारवेत माणूस पाण्यापर्यंत उतरतो, येथे चौकावरचा पाऊस माणसापर्यंत आणला. आणि पाऊस कमी पडला की ब्रेन्ता नदीचे गोडे पाणी होड्यांत भरून आणत आणि या हौदांत ओतत. नळाचे पाणी शहरात १८८४ मध्ये आले.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्यांपैकी मी एक आहे. ब्रेन्ताच्या होड्यांविषयी वाचल्यावर मी उरलेला दिवस फक्त विहिरी पाहत हिंडले. तुम्हीही फिरताना फरशीचा उतार पाहा. तो विहिरीभोवतीच्या छिद्रांकडे वळलेला असतो आणि छिद्रे शोधायची एकदा सवय लागली की प्रत्येक काम्पोत सापडतात. डोजच्या राजवाड्याच्या अंगणात दोन विहिरींची तोंडे काशाची आहेत, ती चुकवू नका. काम्पो सान पोलो हा सर्वांत मोठा काम्पो, संध्याकाळी तेथे मुले चेंडू खेळतात, बाकावर बसायला पैसे पडत नाहीत.

१०. खाणे आणि पाणी

रस्त्यातल्या नळांचे पाणी पिण्याजोगे असते आणि ते फुकट असते. बाटली भरत राहा.

हॉटेलात बसलात की "कोपेर्तो" नावाचे बैठकीचे शुल्क बिलात येते. ती फसवणूक नव्हे, तेथली रीत आहे, पण मेनूकार्डावर आधी वाचावे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर एक दर, टेबलावर कित्येक पटींनी जास्त, आणि सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचे वेगळे. दारात उभे राहून हाका मारणाऱ्या आणि चित्रांचे मेनू लावलेल्या हॉटेलांत जाऊ नका.

शाकाहारींसाठी : पिझ्झा मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो, नाव समुद्राचे असले तरी मासा नाही. "पेपेरोनी" म्हणजे तेथे ढोबळी मिरची, घाबरू नका. रिसोत्तो हा भाताचा पदार्थ मात्र विचारून घ्या, त्यात मांसाचे किंवा माशाचे पाणी असू शकते. "सेन्सा कार्ने, सेन्सा पेशे", म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे पाठ करा. अगदी काटेकोर असाल तर हेही जाणून घ्या की पार्मेसान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरतात. बारमध्ये पावाच्या तुकड्यांवर काही ना काही ठेवून देतात, त्याला चिक्केत्ती म्हणतात. दोन-तीन घेतले की रात्रीचे जेवण होते आणि एकटे बसल्याचे अवघडलेपणही राहत नाही, कारण सगळेच उभे असतात.

११. भरतीचे पाणी

शरद ऋतू आणि हिवाळ्यात भरती, वारा आणि पाऊस जुळून आले की शहरात पाणी चढते. त्याला आक्वा आल्ता म्हणतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ पर्यंत चढले होते. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या तीन मुखांवर ७८ झडपांची मोसे नावाची यंत्रणा मोठी भरती अडवते, त्यामुळे शहर बुडेल या भीतीने प्रवास रद्द करण्याचे कारण नाही. पण सान मार्को चौक शहरातला सर्वांत सखल भाग असल्याने लहान भरतीतही तेथे घोटाभर पाणी येते. मी होते तेव्हा एका सकाळी आले. नगरपालिका लाकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडते, त्यांवर उभे राहून छायाचित्रे काढू नका, मागे रांग अडते. भरतीचा अंदाज आदल्या दिवशी पाहावा, पाणी काही तासांत ओसरते, तेवढा वेळ दुसऱ्या विभागात घालवावा. रस्त्यावर विकले जाणारे प्लास्टिकचे बूट मी घेतले आणि दुपारी त्यांचे ओझे वाहत फिरले.

१२. नियम, दंड आणि एकटेपणा

पुलांच्या पायऱ्यांवर बसून जेवणे, कालव्यात पाय सोडणे किंवा पोहणे, कबुतरांना दाणे घालणे, या सर्वांना दंड आहे. फुटपाथवर पसरलेल्या नकली पर्सा विकत घेणाऱ्यालाही दंड होतो. गल्ल्यांत उजव्या बाजूने चाला आणि अरुंद पुलावर थांबू नका, लोकांना कामावर जायचे असते.

एकट्या स्त्रीला हे शहर मला सुरक्षित वाटले. रात्री अकरा वाजता मी वाट चुकून तीन वेळा त्याच काम्पोत आले, तेव्हा भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. धोका आहे तो खिसेकापूंचा, विशेषतः रियाल्तोवर आणि क्रमांक १ च्या बोटीत दाराजवळ. आपत्कालीन क्रमांक ११२. पासपोर्ट हरवल्यास आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन मिलानमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासाशी संपर्क.

१३. परतीचा दिवस

पहाटेचे विमान असेल तर रात्रीच बोटीची आणि बसची पहिली फेरी पाहून ठेवा, कारण येथे ऐन वेळी बोलावायला रिक्षा नाही. खोलीपासून पियात्साले रोमापर्यंतची वाट आदल्या दिवशी एकदा चालून पाहावी, किती पूल लागतात ते मोजावे आणि दिवसाच्या वेळेपेक्षा दहा मिनिटे जास्त धरावीत. विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या आधी बाटलीतले पाणी ओतून टाकायला सांगतात. शेजारी त्यासाठी टोपली ठेवलेली होती आणि माझी बाटली काठोकाठ भरलेली होती. रांगेतून बाजूला होऊन मी ती उभ्याउभ्या पिऊन टाकली.